टाळ्या चुकीच्या जागी वाजतात

गेल्या महिन्यात आमच्या गावातले मेजर माझ्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची दहा बाय बाराची खोली, वर यायला लोखंडी जिना. मेजरना डावा पाय गुडघ्याखालून नाही, कृत्रिम आहे. म्हणून मी वरूनच ओरडलो, "थांबा, मी खाली येतो." तर म्हणाले, "पायऱ्या मोजत आलोय पत्रकार, मधी बोलू नका, हिशेब चुकंल."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. हे मेजर म्हणजे हुद्द्यानं मेजर नव्हेत. आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेतून रिटायर होऊन आलेल्या कुणालाही गाव 'मेजर'च म्हणतं. हे मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून घरी आले. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि आख्खी फौज सीमेवर जाऊन बसली. सीमेलगत मैलोन्‌मैल सुरुंग पेरले गेले. लढाई शेवटी झालीच नाही. पण सुरुंग पेरताना आणि नंतर ते उकरून काढताना आपलीच पोरं जखमी झाली, काही गेली. त्या जखमींत आमचे मेजर एक.

त्यांच्या हातात पत्र होतं. पलटणीच्या रेझिंग डेचं, म्हणजे स्थापना दिवसाचं आमंत्रण. जुन्या माणसांना दरवर्षीच बोलावतात. या वेळी नव्या सीओ साहेबांनी खाली एक ओळ वाढवली होती : सैनिक संमेलनात तुम्ही जवानांशी वीस मिनिटं बोलावं, 'मोटिव्हेशनल टॉक'.

"आता तुम्ही लिहिणारी माणसं," मेजर म्हणाले. "मला वीस मिनिटांचं लिहून द्या. पण भाषण नको."

मी म्हटलं, सोपं आहे. कार्डोझो साहेबांची गोष्ट सांगा. लढाईत जखमी झालेल्या सैनिकानं जवानांपुढं उभं राहून बोलायचं, याचा आपल्या देशातला सगळ्यात गाजलेला नमुना तोच.

आणि मी सुरू झालो.

इयान कार्डोझो. जन्म मुंबईचा, शिक्षण झेवियर्सचं. एनडीएत सुवर्ण आणि रौप्य ही दोन्ही पदकं मिळवणारे पहिले छात्र. तिथून पाचव्या गोरखा रायफल्समध्ये. 'कार्डोझो' हे नाव काही गोरख्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी साहेबांचं नाव ठेवलं 'कारतूस साहेब'.

१९७१ चं युद्ध पेटलं तेव्हा मेजर कार्डोझो वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात कोर्स करत होते. इकडं पूर्व आघाडीवर चौथ्या बटालियनचे, म्हणजे फोर-फाइव्ह गोरखाचे टू आय सी, पलटणीतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, लढाईत पडले. त्यांच्या जागी जायचा हुकूम कार्डोझोंना आला. ते पलटणीला गाठतात न गाठतात तोच पलटण हेलिकॉप्टरनं सिल्हेटला उतरायची तयारी करत होती. ७ डिसेंबर १९७१. भारतीय लष्करानं हेलिकॉप्टरनं सैन्य उतरवून केलेली ही पहिली मोहीम. पलटणीचे सीओ होते लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर. मराठी माणूस. या लढायांसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं. आपल्या पोरांना बॉलिवूडचे सगळे कर्नल माहिती असतात, हरोलीकर माहिती नसतात. असो.

सिल्हेटमध्ये पाकिस्तानची आख्खी ब्रिगेड होती, नंतर आणखी एक येऊन मिळाली. आपली एक पलटण. दारूगोळा थोडा, रसद थोडी, जमिनीवरून येणाऱ्या आपल्या फौजेची वाट बघणं चाललेलं. तेवढ्यात बीबीसीच्या बातम्यांत सांगितलं गेलं की सिल्हेटला गोरख्यांची 'ब्रिगेड' उतरली आहे. चुकून सांगितलं. पण ती बातमी आपल्या खंदकातही ऐकली गेली आणि समोरच्याही. मग हरोलीकरांच्या पलटणीनं ठरवलं की ब्रिगेड तर ब्रिगेड. माणसं लांबलांब पांगवली, मोर्चे असे लावले की समोरच्याला वाटावं इथं तीन पलटणी आहेत. आणि शेवटी शरणागतीच्या वेळी त्या एका पलटणीसमोर तीन ब्रिगेडियर आणि हजारो सैनिक शस्त्रं ठेवायला आले.

आणि लढाई संपल्यावर, ढाक्याची शरणागती झाल्यावर, कार्डोझोंचा पाय सुरुंगावर पडला.

इथपर्यंत येताना माझा आवाज चढला होता. खाली झेरॉक्सवालासुद्धा मशीन बंद करून ऐकत होता बहुतेक. मी पुढं सांगितलं. स्फोटात पायाचा चेंदामेंदा झाला. तिथल्याच एका गावकऱ्यानं उचलून पलटणीच्या जागेवर आणलं. डॉक्टरकडं मॉर्फिन नाही, दुसरं वेदनाशामक नाही, पाय कापायचं साहित्य नाही. कार्डोझोंनी जवळच्या गोरख्याला विचारलं, माझी खुकरी कुठाय? ती हातात देऊन त्याला म्हणाले, काप. त्याचा हात धजेना. मग यांनी स्वतःच खुकरी घेतली आणि स्वतःचा पाय कापला. वर हुकूम दिला, जा, हा पुरून टाक.

मी थांबलो. टाळ्यांची जागा होती ती.

मेजर शांत. मग म्हणाले, "पत्रकार, ही गोष्ट मी दहा वेळा ऐकलीय. शाळेत ऐकली, विजय दिवसाला ऐकली, पुढाऱ्याच्या तोंडून ऐकली. दर वेळी टाळ्या इथंच वाजतात. चुकीच्या जागी वाजतात."

मी जरा दुखावलोच. म्हटलं, मग बरोबर जागा कुठली?

"माझा पाय गेला तवा मीबी ओरडलो न्हाई. त्या वेळी माणूस काय करंल सांगता येत न्हाई, अंगातनं काय येतं ते येतं. अवघड ते नव्हं. अवघड ते सहा महिन्यांनी. एएलसीच्या वॉर्डात पडून माणूस पत्र्याकडं बघतो आणि म्हणतो, आता माझं करायचं काय? मला ठेवत्यात का घालवत्यात? पोरांना ते सांगा. खुकरी कुणीबी सांगंल."

एएलसी म्हणजे पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर, १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेलं. लढाईत हात-पाय गेलेल्या तीन-चार पिढ्यांच्या सैनिकांना तिथं नवे हात-पाय मिळाले. आमच्या मेजरनाही तिथंच मिळाला. आणि कार्डोझोंनाही.

मेजर गेल्यावर मी पुन्हा वाचायला बसलो. कार्डोझोंच्या मुलाखती, त्यांनी स्वतः सांगितलेलं, लिहिलेलं. 'परमवीर' हे परमवीरचक्र विजेत्यांवरचं त्यांचं पुस्तक बऱ्याच जणांना माहिती असेल. निवृत्तीनंतर ते जवानांसमोर, छात्रांसमोर, शाळा-कॉलेजात कितीतरी वेळा बोललेत. आणि मेजरचं म्हणणं डोक्यात ठेवून बघितलं, तर लक्षात आलं की ती गोष्ट खरं तर खुकरीपाशी सुरू होते. आपणच ती तिथं संपवतो.

पुढचं बघा.

पाय कापल्यानंतर पुढचं ऑपरेशन करणं गरजेचं होतं. हेलिकॉप्टर मिळेना. हरोलीकर म्हणाले, युद्धकैद्यांत एक पाकिस्तानी सर्जन सापडलाय, तो ऑपरेशन करेल. कार्डोझो म्हणाले, मला पाकिस्तानी डॉक्टर नको. सीओंनी ऐकलं नाही. शेवटी, मला पाकिस्तानी रक्त द्यायचं नाही आणि ऑपरेशनच्या वेळी तुम्ही हजर राहायचं, या अटींवर हे तयार झाले. मेजर मोहम्मद बशीर या सर्जननं ऑपरेशन केलं, आणि चांगलं केलं. पुढच्या आयुष्यात कार्डोझोंनी या बशीरचे उपकार मुलाखतींतून उघड मानलेत. आता मला सांगा, आपल्या सभांत खुकरी असते, पण हा बशीर का नसतो? टाळ्यांना तो अडचणीचा ठरतो म्हणून?

त्याच्या पुढचं तर कुणीच सांगत नाही. लाकडी पाय लागला. लष्कराचा साधा हिशेब असा की, एक पाय नसलेला अधिकारी म्हणजे टेबलावरचा अधिकारी. पगार मिळेल, मान मिळेल, पण पलटण नाही. इन्फंट्रीतल्या अधिकाऱ्याला पलटण न मिळणं म्हणजे काय, हे फौजीलाच विचारा. वकिलाला कोर्टात उभं राहायची बंदी करण्यासारखं आहे ते.

इथं एक गोष्ट समजून घेऊ. फौजेत प्रत्येकाची एक मेडिकल कॅटेगरी असते. 'शेप' म्हणतात. मन, कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे अशा पाच गोष्टींची ही पाहणी. सगळ्यात धडधाकट तो 'शेप वन'. कशात कमी पडला की 'लो मेडिकल कॅटेगरी'. जवानांच्या भाषेत 'कॅटेगरी झाला'. हा शब्द नुसता उच्चारला तरी बराकीत शांतता होते. कारण कॅटेगरीवर प्रमोशन अवलंबून, कोर्स अवलंबून, आणि कित्येकदा नोकरीसुद्धा.

कार्डोझोंनी त्या कॅटेगरीशी भांडण काढलं. इतरांसारखीच धावायची परीक्षा द्यायला गेले. डॉक्टरांनी मनाई केली, तरी पळाले. ते स्वतः सांगतात, त्या दिवशी दोन पायांचे सात अधिकारी त्यांच्या मागं राहिले. तरीही फाइल हलेना. हे टेबल ते टेबल. शेवटी गोष्ट लष्करप्रमुख जनरल रैनांपर्यंत गेली. रैना त्यांना सोबत लडाखला घेऊन गेले. डोंगरात आणि बर्फात हा माणूस चालतो कसा, ते डोळ्यांनी बघितलं. मग पलटण दिली. पुढं ब्रिगेडही मिळाली. लढाईत पाय गमावून पलटण आणि ब्रिगेड या दोन्हींचं नेतृत्व करणारा पहिला अधिकारी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९९३ साली ते मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. नंतर देशाच्या पुनर्वास परिषदेचे, म्हणजे अपंगांच्या पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेचे अध्यक्ष होते.

खुकरी चालवायला काही क्षण लागले असतील. फाइल हलवायला वर्षं लागली. मेजर जे म्हणत होते ते हे.

समोर बसलेल्या विशीतल्या जवानाला खुकरीच्या गोष्टीनं रोमांच येतात, खरं आहे. पण 'तुझं काही झालं तरी पलटण तुला टाकणार नाही' ही दुसरी गोष्ट त्याला रात्री झोप लागू देते. माणूस शत्रूच्या गोळीला जेवढा भितो, त्याहून जास्त निरुपयोगी होण्याला भितो. जखमी होऊन परत आलेला माणूस पुढं उभा राहून बोलतो, तेव्हा जवान त्याच्या शब्दांकडं कमी आणि त्याच्या उभं राहण्याकडं जास्त बघत असतो. हा अजून आहे का? याला मान आहे का? याला इथं खुर्ची आहे का?

आणि या प्रश्नाची उत्तरं फौजेनं काही वेळा फार चांगली दिलीत, हेही लिहिलं पाहिजे.

लेफ्टनंट जनरल विजय ओबेरॉय. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. १९६५ च्या युद्धात त्यांचा पाय गेला. तरुण अधिकारी होते. पुढं त्याच फौजेचे उपप्रमुख झाले. निवृत्तीनंतर युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी वॉर वून्डेड फाउंडेशन उभं केलं. लेफ्टनंट जनरल पंकज जोशी. सुरुंगात दोन्ही पाय गेले. ते सेंट्रल कमांडचे प्रमुख झाले आणि २००१ मध्ये तिन्ही दलांच्या एकत्रित मुख्यालयाचे, इंटिग्रेटेड डिफेन्स स्टाफचे पहिले प्रमुखही. कारगिलमधले मेजर देवेंद्र पाल सिंग यांना दवाखान्यात आणलं तेव्हा मृत ठरवलं होतं. एका डॉक्टरला धुगधुगी जाणवली म्हणून वाचले. पाय कापावा लागला. हा माणूस पुढं मॅरेथॉन पळायला लागला, आणि २०१९ मध्ये आपल्या नाशिकला विमानातून उडी मारली. २०१८ हे वर्ष लष्करानं 'कर्तव्यावर अपंगत्व आलेल्या सैनिकांचं वर्ष' म्हणून पाळलं होतं.

ही सगळी माणसं मोठी. त्यांच्याबद्दल एक शब्द उणा काढायचा नाही. पण मेजरनी दुसऱ्या भेटीत यादी ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "यात जवान किती?"

मी यादी परत बघितली. एकही नव्हता.

मग मी म्हटलं, आपले मुरलीकांत पेटकर.

पेटकर आपल्याच भागातले, इस्लामपूरजवळच्या पेठचे. लष्करात ईएमईत जवान आणि मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. त्यांतली एक गोळी मणक्यात कायमची राहिली. कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि तिथं पोहणं सापडलं. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक. वेळ ३७.३३ सेकंद, तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. ऑलिम्पिक असो की पॅरालिम्पिक, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक ते. अभिनव बिंद्राचं पदक २००८ चं, म्हणजे छत्तीस वर्षांनंतरचं.

पद्मश्री कधी मिळाली? २०१८ ला. छेचाळीस वर्षांनी. सिनेमा २०२४ ला आला. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरवाचा, जानेवारी २०२५ मध्ये हातात पडला. तोवर आपल्याच जिल्ह्यांतल्या किती जणांना पेटकर हे नाव माहिती होतं? मी स्वतः वीस वर्षं पत्रकारिता करतोय. २०१८ च्या आधी मी त्यांच्यावर एक ओळ लिहिलेली नाही. इस्लामपूर इथून किती लांब आहे, ते मला विचारू नका, लाज वाटते.

अधिकाऱ्याची फाइल अडली तर ती लष्करप्रमुखांच्या टेबलापर्यंत पोचू शकते. जवानाची फाइल कुठं जाते?

बऱ्याचदा कोर्टात जाते. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण वाचा, कारण आपल्या प्रत्येक गावात असं एक तरी घर आहे.

ड्युटीवर अपंगत्व आलेल्या सैनिकाला अपंगत्व पेन्शन मिळते. युद्धात किंवा सरकारनं जाहीर केलेल्या ऑपरेशनमध्ये इजा झाली, तर तिच्याहून जास्त दराची युद्ध-इजा पेन्शन. म्हणजे कागदावर इजेचं कारण काय लिहिलंय, 'ऑपरेशन' की 'अपघात', यावर त्या घरात पुढची चाळीस वर्षं किती पैसे येणार ते ठरतं. दुसरा प्रश्न, ही इजा किंवा आजार नोकरीमुळं झाला की आधीपासून होता? यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलं : भरती करताना तुम्हीच त्याला तपासून धडधाकट म्हणून घेतलं, कागदावर काही नोंद केली नाही, मग पुढं बिघडलं तर ते नोकरीतलंच समजा, तसं नसेल तर सिद्ध करायची जबाबदारी तुमची. २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात दुसरा निकाल आला. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला धरायची सवलत, म्हणजे पन्नासच्या आत असेल तर पन्नास, त्यावर पंचाहत्तरपर्यंत पंचाहत्तर आणि त्यापुढं शंभर, ही आधी फक्त अपंगत्वामुळं घरी पाठवलेल्यांना होती. ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली.

निकाल झाले, तरी सरकारी अपिलं थांबेनात. म्हणून २०१५ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. स्वतःच्याच जखमी सैनिकांविरुद्ध उठसूट कोर्टात जाऊ नका, असा त्या समितीच्या शिफारशींचा एक सूर होता. २०२३ मध्ये पुन्हा नवे नियम आले, त्यावर पुन्हा माजी सैनिकांची नाराजी आणि पुन्हा खटले.

सरकारची बाजूही आहे. रक्तदाब, मधुमेहासारखे आजार दाखवून पेन्शन घेणारे वाढलेत, असं सांगितलं जातं. कॅगनं २०२३ मध्ये अपंगत्व पेन्शनवर बोट ठेवलं, आणि त्यातही दिसलं ते असं की, अशी पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत जास्त आहे. खोटे दावे पकडायलाच पाहिजेत. पण सुरुंगावर गेलेला पाय खोटा कसा असेल?

आणि खडकवासल्याचं उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. एनडीएसारख्या अकादमीत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या छात्राला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण कमिशन मिळालेलं नसतं. कुणी व्हीलचेअरवर, कुणी अंथरुणाला खिळलेला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून याची दखल घेतली, त्यानंतर त्यांच्यासाठी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं दार उघडलं. १९८५ पासूनची ही मुलं होती. चाळीस वर्षं.

दुसरीकडं, इतिहास असाही आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना हाताला काम शिकवायला १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ती पुढं खडकीला गेली, आजही आहे. त्याच खडकीत १९७४ पासून मणक्याला मार लागून कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारलाही कळलं होतं की जखमी सैनिकाला शाबासकीच्या आधी रोजगार लागतो. ते प्रेमानं केलं असं म्हणत नाही, पुढची भरती चालू राहायला हवी होती त्यांना. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून घरटी माणूस जात होता. गावात लंगडत परतलेला माणूस उपाशी दिसला, तर पुढच्या वर्षी भरतीला कोण येईल? हिशेब साधा होता. आपण मात्र तेवढा हिशेबही करत नाही.

आमच्या मेजरचं काय झालं, तेही सांगतो. पाय गेला २००२ मध्ये. एका कागदावर कारण 'ऑपरेशन' लिहिलं होतं, दुसऱ्यावर नुसतं 'अपघात'. दोन कागदांचा मेळ बसेपर्यंत सात वर्षं गेली. कुठलं कार्यालय, ते लिहीत नाही. त्या काळात वहिनींनी शिवणकाम केलं, मेजरनी पिठाची गिरणी चालवली. एका पायावर उभं राहून दळण. गावानं दर १५ ऑगस्टला त्यांना फेटा बांधला. सात वर्षांत सात फेटे. मीसुद्धा त्या कार्यक्रमांच्या बातम्या छापल्या, फोटोसकट. 'शूर सैनिकाचा सत्कार.' पेन्शनचं काय झालं, हे मी एकदाही विचारलं नाही. मलाही टाळ्यांचीच जागा माहिती होती.

तर भाषण. मी चार पानं लिहून दिली. मेजरनी वाचली, घडी केली, खिशात घातली आणि पलटणीत जाऊन त्यातलं काहीच बोलले नाहीत. परत आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं.

बडा खान्याच्या आधी संमेलन होतं. चारेकशे पोरं जमिनीवर बसलेली. साहेबांनी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. मेजर उभे राहिले आणि पँट वर करून पाय काढला. बाजूच्या टेबलावर ठेवला. एका पायावर, टेबलाला धरून उभे राहिले. म्हणाले, "हा पुण्याला मिळाला. हा तिसरा. दर काही वर्षांनी बदलायला लागतो. चांगला आहे, मी यावर गिरणी चालवली, पोरीचं लग्न केलं. आता दोन गोष्टी सांगतो. एक, काही लागलं तर त्याच दिवशी नोंद करून घ्या. कारण काय लिहिलंय ते स्वतः वाचा. इंग्रजीत असेल तर दोस्ताकडून वाचून घ्या. लाजू नका. दुसरी, तुमच्या कंपनीतला कुणी जखमी होऊन गेला असेल तर सहा महिन्यांनी त्याला फोन करा. पहिल्या आठवड्यात सगळेच करत्यात. सहा महिन्यांनी करा."

सहा मिनिटांत संपलं. टाळ्या नाहीत. मेजर म्हणाले, "मला वाटलं, बोंबललं. मग मागून एक पोरगं उठलं. विशीतलं. म्हणालं, साब, माझा भाऊ दुसऱ्या पलटणीत होता, मागच्या वर्षी बोर्ड आउट होऊन घरी आलाय. बोलतच नाही कुणाशी. त्याला काय सांगू?"

मेजर त्या पोराला काय म्हणाले, ते त्यांनी मला सांगितलं नाही. म्हणाले, ते त्याचं आणि माझं. पण रात्री जेवण झाल्यावर सीओ साहेब येऊन बसले आणि त्यांनी पलटणीतून गेल्या दहा वर्षांत अपंगत्वामुळं घरी गेलेल्या जवानांची यादी काढायला क्लार्कला सांगितलं. नाव, गाव, फोन, पेन्शन लागली की नाही. मेजर नुसतं यादीचं सांगत नव्हते. त्या यादीत आपलं नाव चुकीच्या गावाखाली होतं, ते त्यांनी तिथंच दुरुस्त करून घेतलं, याचा त्यांना जास्त आनंद.

आता आपल्या तालुक्याबद्दल. इथं कऱ्हाडचा विजय दिवस आपण सगळे बघायला जातो, भरतीच्या अकादम्या गल्लोगल्ली आहेत, प्रत्येक अकादमीत कुणीतरी 'मोटिव्हेशन' द्यायला येतं. पण आपल्या तालुक्यात ड्युटीवर जखमी होऊन परतलेले किती जण आहेत, त्यांतल्या कितींची पेन्शन अडलीय, याची यादी माझ्याकडं नाही. वीस वर्षं बातम्या करून नाही. म्हणून मी आणि मेजरनी ठरवलंय, ती आपण करायची. तुमच्या गावात, भावकीत, शेजारी असा कुणी असेल तर त्यांना विचारा, आणि त्यांची हरकत नसेल तरच मला निरोप द्या. नावं इथं जाहीर लिहू नका. रविवारी सकाळी दहा ते एक मेजर माझ्या ऑफिसात बसतील. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद आणि पेन्शनचा आदेश घेऊन या. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही खाली येऊ, झेरॉक्सवाल्यानं दोन खुर्च्या आणि कागदांच्या झेरॉक्स फुकट द्यायचं कबूल केलंय.

हे लिहीत असताना मेजरना वाचून दाखवलं. म्हणाले, ठीक आहे, पण पायऱ्या किती ते लिहायचं राहिलं. सतरा आहेत.